ओट्यावरचं ताट

ताकदीचं इंजेक्शन असं काही नसतं. एकतीस वर्षं मी ताकदीची इंजेक्शनं दिली, म्हणून हे मला खात्रीनं सांगता येतं.

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी दरवर्षी कुणातरी निवृत्त माणसाला गाठतात आणि त्याच्याकडून नोकरीतल्या गोड आठवणी लिहून घेतात. गेल्या वर्षी एका तलाठ्यानं लिहिलं, त्याच्या आदल्या वर्षी मुख्याध्यापकांनी. दोघांच्याही हातून उभ्या आयुष्यात एकही चूक झाली नाही, हे वाचून गावाला फार बरं वाटलं. यंदा माझी पाळी. संपादकांना मी आधीच बजावलं आहे की माझ्याकडे गोड काही नाही. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर कागद परत द्या.

संग्रामपूरहून सातपुड्याच्या अंगाला आलं की आमचं गाव लागतं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब आठवड्यातून तीन दिवस यायचे. उरलेले दिवस दवाखाना बंद असायला हवा होता, पण तो कधीच बंद नसायचा. पाटी त्यांची आणि सुई माझी, असा आमचा संसार होता. मी मॅट्रिक. गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता शिकलो, तेवढंच माझं वैद्यक. गावाला त्याचं काही वाटत नसे. उलट लोक म्हणायचे, "डाक्टर कागदच लिहिते बाप्पा, हात तं कंपोंडरभाऊचा हाये."

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगायचा तर त्यात दोन वस्तू होत्या. एक छोटी पांढरी गोळी आणि एक तेलकट इंजेक्शन. गोळी स्टेरॉइडची. ती भूक वाढवते, अंगात मीठपाणी साठवते, गाल गोल करते, पोट सुटवते. आठवडाभरात माणूस म्हणतो, लई बरं वाटून राह्यलं. इंजेक्शन पुरुषी हार्मोनच्या जातीचं. औषध तेलात असतं, म्हणून आधी बाटली तळहातात धरून कोमट करायची, जाड सुई लावायची आणि कमरेखाली हळूहळू सोडायचं. आम्ही त्याला ताकदीचं इंजेक्शन म्हणत होतो. कंपनीनं ते कशासाठी बनवलं होतं आणि कुणाला अजिबात द्यायचं नाही, हे सगळं खोक्यातल्या चिटोऱ्यावर बारीक अक्षरात छापलेलं असे. त्या चिटोऱ्यांचा मी पुड्या बांधायला उपयोग करत होतो.

आणि दाराशी वजनकाटा. आमच्या दवाखान्यातली सगळ्यात लबाड वस्तू तीच. लोकांना थर्मामीटर कळत नसे, रक्तदाबाचं यंत्र कळत नसे, पण काट्यावर उभं राहिलं आणि मागच्या खेपेपेक्षा सुई पुढं गेली की औषध लागू पडलं, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. सुई पाण्यानं पुढं गेली की चरबीनं की मांसानं, हे काटा सांगत नाही. मीही सांगत नव्हतो. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटायला आवडलं असतं. अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक करून घेतलं नाही, कारण त्यात माझं नाव कमी झालं असतं.

एकदा एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आली. पंधरा दिवसांनी पाहुणे बघायला येणार होते. "भाऊ, गाल भरले पायजे. हाडं दिसून राह्यली पोट्टीची," म्हणाली. गाल भरले, पाहुण्यांना मुलगी पसंत पडली, अक्षता पडल्या. गोळ्या संपल्या तसा चेहरा जागेवर आला. चार महिन्यांनी सासू आमच्या दवाखान्यात हजर. "दाखवली तवा गोल होती, अन् आता वाळून राह्यली. लोक म्हंतात, सासू खाऊ देत नाई. मी तिले दूध-तूप सारं देतो बाप्पा! तुमचीच गोळी होती ना? मंग चालूच ठेवा." मी हसलो. डॉक्टरसाहेब हसले. गोळ्या चालू ठेवल्या.

आमच्या भागात माणूस वाळला की पहिला प्रश्न आजाराचा नसतो. पहिला प्रश्न असतो, घरात जेवायला कोण घालतं? सून वाळली तर सासूनं उपाशी ठेवलं, म्हातारा वाळला तर सुनेनं. हा निकाल सातबारापेक्षा पक्का, एकदा लागला की कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. ही रीत मला पुरती माहीत होती, आणि तीच मी वापरली. आता मूळ गोष्टीकडे येतो.

काशीराम आबा भाजीपाला पिकवणारे. गावालगत त्यांचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, पोकळा. वयाची सत्तरी आली तरी कांद्याचं पोतं स्वतः उचलून बैलगाडीत टाकत. मुलगा गजानन ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. घरात आबा, सून सुनंदा आणि तिची दीड वर्षांची मुलगी. आबांची एक मुलगी, शोभा, जवळच्याच गावात दिलेली.

आबा आले ते कंबर धरून. "कंपोंडर, लेका, पायात जीव नाई राह्यला. काहीतरी ताकदीचं दे." धोतर सैल झालं होतं. लघवीला थांबून थांबून होते, हेही त्यांनी सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरसाहेब होते. त्यांनी नळी सदऱ्यावरूनच टेकवली आणि म्हणाले, "वयाचं आहे." वयाचं आहे हा आमच्या दवाखान्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारा इलाज होता. पुढं मला म्हणाले, "बघून घे." मी बघून घेतलं. रोज गोळी आणि आठवड्याला एक तेलकट इंजेक्शन. डॉक्टरसाहेब आता हयात नाहीत, त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण त्यांनी आबांना एकदा पाहिलं, आणि मी दर आठवड्याला पाहत होतो.

महिन्याभरात काट्याची सुई तीन किलो पुढं गेली. चेहरा टरारला. आबा पारावर बसून सांगू लागले, "कंपोंडरनं मले दुसरा जलम देल्ला." मी ऐकत ऐकत सायकल हळू करायचो, हे कबूल करतो.

दवाखान्यासमोर रज्जाकभाईंचं शिलाईचं दुकान होतं. आबा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडे नवी बंडी शिवत. रज्जाकभाई मापं एका जुन्या वहीत लिहून ठेवत, गिऱ्हाईक मेलं तरी पान फाडत नसत. त्या वर्षी माप घेऊन झाल्यावर ते वही काखेत मारून रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"भाऊ, आबाले काय देऊन राह्यले तुमी?"

"ताकदीचं. काऊन?"

"मागच्या आखाजीले दंड तेरा होता. आता साडेदहा. अन् पोट चौतीसचं सदतीस झालं. मांडीवर धोतर लटकून राह्यलं." त्यांनी वही माझ्यासमोर उघडून धरली. "वजन वाढलं म्हंतात सारे. मंग हे मांस गेलं कुठं भाऊ? माह्या टेपले डाक्टरकी समजत नाई, पण ये सेहत नई है. ये सूजन है."

दवाखान्यात तेव्हा सात-आठ माणसं बसली होती. मी त्यांच्याकडे बघत मोठ्यानं म्हणालो, "रज्जाकभाई, तुमी गुंड्या लावा. शरीर आमच्याकडे राहू द्या." सगळे हसले. रज्जाकभाईही जरासे हसले, वही मिटली आणि गेले. तेरा आणि साडेदहा. एकतीस वर्षांत माझ्या दवाखान्यात झालेलं एकमेव खरं निदान, आणि तेही शिंप्यानं केलेलं. मी ते गुंड्यांवर घालवलं.

दोन महिन्यांनी काटा मागं सरकायला लागला. मी गोळी वाढवली. काटा थांबला नाही. आबा बाकावरून उठताना हात टेकून, मांडी चाचपडत उठू लागले. गावात कुजबुज सुरू झाली की कंपोंडरचं औषध उतरलं वाटते. मला सहन होईना. रुग्णाची तब्येत बिघडली याचं दुःख वेगळं असतं आणि आपलं औषध बदनाम झालं याचं वेगळं. मला जे झालं ते दुसरं होतं.

अशात एक दिवस शोभा आली. रडकुंडीला आलेली. "भाऊ, माह्या बापाले झालं काय? इतकं औषध देऊन राह्यले तुमी, अन् थो तं झिजूनच राह्यला."

दवाखाना भरलेला होता. मी इंजेक्शनची बाटली तळहातात फिरवत होतो. म्हणालो, "औषधात खोट नाही बाई. इंजेक्शनला खायला लागते. पोटात अन्न नसन तं ताकद बनन कशाची? घरी काय घालून राह्यले, ते पाहा."

बस, एवढंच. सुनंदाचं नाव मी घेतलं नाही. नाव न घेण्यात मी किती हुशार होतो! संध्याकाळपर्यंत नाव गावानं घेतलं. नवरा बाहेर, म्हातारा एकटा, सून तरणी, आता काय विचारता. ज्या बायकांनी सुनंदाच्या घरचं पाणी कधी प्यायलं नव्हतं त्या तिच्या डब्यात पीठ किती आहे ते सांगू लागल्या.

चौथ्या दिवशी ती मुलीला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली.

"भाऊ, मामाजीले मी खाऊ घालत नाई, असं तुमी बोलले काय?"

"मी असं कुठं म्हणालो? मी आपलं सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं. पथ्याचं."

"मंग आता साऱ्याइले सांगा ना, का तुमचं म्हणनं तसं नव्हतं. हे बसले इथं सारे."

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सुनंदा, दवाखान्यात घरचे वाद आणू नको. गर्दी आहे." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं एक गोष्ट सुरू केली. आबांचं घर बरोबर रस्त्यावर, समोर उंच ओटा. दुपारी जेवायच्या वेळी ती ओट्यावर चटई टाकायची, आबांना धरून आणून बसवायची आणि ताट तिथं बाहेर आणायची. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. आपल्याकडे आजारी माणूस असा चव्हाट्यावर जेवत नाही, नजर लागते म्हणतात. तिनं ते मोडलं. लोक काय म्हणाले? "दाखवाले करून राह्यली. आत नेलं का ताट उचलते." सुनंदानं मग ताट उचलायचंही बाहेरच ठेवलं. आबा जेवून उठेपर्यंत समोर बसून राहायची, उरलेलं तिथंच गाईला घालायची. तरी लोकांचं समाधान नाही. म्हातारा वाळतच होता, आणि गावाच्या हिशेबी हाच पुरावा होता.

त्या रस्त्यानं मी रोज सायकलवरून जायचो. दोन दिवस दुसऱ्या गल्लीनं गेलो. तिसऱ्या दिवशी वाट चुकवता आली नाही. आबांनी हाक मारली, "कंपोंडर, ये बे जेवाले! पाय, सून काय काय आणते. पण घास जात नाई लेका. अन् गेला तरी लागत नाई." मी सायकलवरून उतरलो, एक पाय जमिनीवर टेकवून उभा राहिलो आणि ताट पाहिलं. सुनंदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला लख्ख कळलं की हा माणूस खातो आहे आणि तरी संपतो आहे. म्हणजे हे उपासमारीचं नाही, दुसरंच काहीतरी आहे, आणि ते माझ्या बाटलीनं थांबत नाही.

कळल्यावर मी काय केलं? "जेवा, जेवा" म्हणालो आणि निघालो. आणि त्या आठवड्याचं इंजेक्शन दिलं. नाही दिलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

पुढच्या महिन्यात आबा ओट्यावरून उठूच शकले नाहीत. गजानन ट्रकवरून आला. बापाला बघून त्यानं लगेच गाडी सांगितली आणि अकोल्याला न्यायचं ठरवलं. मला म्हणाला, "भाऊ, तुमी चाला. आमाले तिथलं काही समजत नाई." गावात माझ्याइतका जाणता माणूस नव्हता ना!

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. तिसऱ्या दिवशी खोलीत बोलावलं. आबा चाकाच्या खुर्चीवर, मागं गजानन, शेजारी सुनंदा, दाराशी मी. बाई म्हणाल्या की प्रोस्टेटच्या गाठीचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत उतरला आहे. मग विचारलं, "आधी काय औषधं चालू होती?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदानं पिशवीतून एक डबा काढला. त्यात माझ्या सगळ्या रिकाम्या बाटल्या होत्या. आबांचं वजन दवाखान्यात व्हायचं, पण इंजेक्शन मी घरी जाऊन द्यायचो आणि बाटली तिथंच टाकून यायचो. तिनं एकही फेकली नव्हती. बाईंनी एक उचलली, वाचली, दुसरी वाचली.

"हे कोण देत होतं?"

मी म्हणालो, "आमच्याकडचे डॉक्टर." सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात ती मला तिथं उघडं पाडू शकत होती. तिनं आबांकडे पाहिलं आणि गप्प राहिली.

नंतर बाईंनी मला आणि गजाननला बाहेर बोलावून समजावलं. बाई चिडल्या होत्या, पण भाषा सोपी ठेवली. "प्रोस्टेटची गाठ पुरुषी हार्मोनवर वाढते. आमचा पहिला उपचार म्हणजे तो हार्मोन तोडणं. आणि यांना बाहेरून त्याच जातीचा हार्मोन दर आठवड्याला मिळत होता. गोळीनं सूज आणली, त्यामुळे खंगणं झाकलं गेलं. शिवाय ती गोळीही दंडामांड्यांचं मांस झिजवते." गजाननानं विचारलं, "मॅडम, खाण्यात कमी पडलो का आम्ही?" त्या म्हणाल्या, "नाही. हे उपाशी माणसाचं वाळणं नाही. उपाशी माणसाला खायला दिलं की तो भरून येतो. कॅन्सरमध्ये शरीर स्वतःच स्नायू मोडून जाळायला लागतं, भूकही मारतं. कितीही प्रेमानं भरवा, नुसत्या जेवणानं ते थांबत नाही. घरच्यांनी स्वतःला दोष द्यायचा नाही. आणि घेऊनही द्यायचा नाही."

हे वाक्य ऐकणारे गावातले आम्ही दोघंच होतो. गजानन पंधरा दिवसांनी ट्रकवर गेला. मी गावात होतो.

हार्मोन तोडण्यासाठी छोटं ऑपरेशन करावं लागेल, अंडकोष काढावे लागतील, असं आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या वयात कायले पायजे थे? काढा. पोत्याचं वजन तरी कमी होईन." डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी हेही आधीच बजावलं होतं की हार्मोन तुटला की दुखणं कमी होईल, पण अंगातलं मांस आणखी थोडं उतरेल. माझी गोळीही त्यांनी हळूहळू उतरवत बंद केली.

आबांचं दुखणं खरंच कमी झालं. काठी घेऊन मळ्यापर्यंत जाऊ लागले. पण चेहऱ्यावरची सूज ओसरली आणि खाली राहिलेला खरा माणूस दिसू लागला. गावानं तेवढंच पाहिलं. "दवाखान्यातून आणल्यावर अर्धा झाला. कंपोंडरचं इंजेक्शन चालू होतं तवर गाल होते. सुनंनं थे बी बंद केलं." माझ्या दवाखान्यात बसून, माझ्या समोर बोलायचे. मी पुड्या बांधत राहायचो.

सात महिन्यांनी आबा गेले. माझ्या इंजेक्शनांनी त्यांना मारलं, असं म्हणून मी मोठेपणा मिरवणार नाही. रोग आधीपासून होता. पण ते वेळेवर अकोल्याला गेले असते तर किती दिवस मिळाले असते, हे मी विचारलं तेव्हा बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. ते न दिलेलं उत्तर माझ्यापाशी आहे.

तेरवीच्या पंगतीत शोभा सगळ्यांसमोर बोलली. "माह्या बापाले उपाशी मारलं हिनं. कंपोंडरभाऊनं तवाच सांगतलं होतं, औषधात खोट नाई, पोटात अन्न नाई. विचारा त्याइले, इथंच बसले हायेत." पन्नास माणसांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पुरीचा तुकडा होता. सुनंदा वाढत होती, तिच्या हातात वरणाचं भांडं. ती थांबली. मी तोंडातला घास चावत राहिलो, जसं काही ऐकलंच नाही. तिनं वाट पाहिली, मग पुढच्या पानाकडे वळली. त्या पानावरच्या माणसानं हात आडवा धरला. त्याच्या पुढच्यानंही.

त्या दिवसानंतर गावात कुणाच्याही लग्नकार्यात सुनंदाला वाढायला बोलावलं नाही. ज्याच्या हातचं वाढलेलं चालत नाही त्या बाईचं गावात काय राहतं, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

लोक म्हणतील, त्या काळी असंच चालायचं. हे वाक्य मी पण वापरून पाहिलं. रज्जाकभाईंचा टेपही त्याच काळातला होता.

वीस वर्षं झाली. कडेवरची ती मुलगी, पल्लवी, आता शिकून नोकरीला लागली आहे. गेल्या उन्हाळ्यात वडनेर भोलजीहून तिला स्थळ आलं. मुलाचा चुलता चौकशीला गावात आला. चौकशी अशी की घरच्यांना न सांगता जुन्या माणसांकडे जायचं. तो माझ्याकडे आला. चहा झाला.

"भाऊ, मुलगी पसंत हाये. पण आमच्या कानावर आलं का त्या घरात म्हाताऱ्याले उपाशी मारलं म्हणून. मायचा गुण लेकीत येते. आमची माय थकलेली हाये घरी. तुमी तवाचे माणूस, तुमीच औषध देत होते म्हंतात. खरं काय?"

माझ्याकडे वीस वर्षांनी तोच प्रश्न चालून आला होता, आणि ऐकायला एकच माणूस होता, पंगत नव्हती. मी म्हणालो, "घर चांगलं आहे. लोकांचं काय ऐकता." चुलता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ज्याच्याकडे कारण नसतं तो असं बोलतो, हे त्याला कळत होतं. आठ दिवसांनी वडनेरचा निरोप आला, सध्या विचार नाही.

मग मी सुनंदाबाईंकडे गेलो. आता त्यांना अहो-जाहो करतो, उशिरा का होईना. ओटा तोच, फरशी नवी. त्या सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गोळी, इंजेक्शन, अकोल्यातलं खोटं, पंगतीतला घास. माफ करा म्हणालो. माझा आवाज फुटला होता. म्हातारपणी तो लवकर फुटतो, त्याला फार किंमत देऊ नये.

त्यांनी दिलीही नाही. जुडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या, "मले काऊन सांगून राह्यले? मले तं तवाच मालूम होतं. बाटल्या कायले जपल्या होत्या मी?"

"मग अकोल्याला बोलल्या का नाहीत?"

"मामाजी होते ना समोर. त्याइचा तुमच्यावर लई जीव. कंपोंडरनं जलम देल्ला म्हणत. मराच्या वक्ताले त्याइच्या हातून थे काऊन काढून घेऊ?" दोरा दातानं तोडला. "पंगतीत तुमी बोलसान असं वाटलं होतं मले. भांडं घेऊन थांबली होती मी."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"माफी मले नोका मागू भाऊ. ज्याइले सांगतलं होतं, त्याइले सांगा. चार माणसात बोलले होते, चार माणसात सांगा. माह्या पोरीच्या लग्नाआधी सांगा." आणि जुडी टोपलीत टाकून पुढची घेतली.

हा अंक आमच्या गावात घरोघरी जातो. संग्रामपूरला, वडनेरलाही जातो. म्हणून हे इथं लिहिलं.

शोभाबाई, तुमच्या वडिलांना कुणी उपाशी ठेवलं नाही. ज्यांनी पंगतीत हात आडवा धरला त्यांतले जे हयात आहेत, त्यांनी वाचावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं. आणि वडनेरचे पाहुणे, तुम्ही मला विचारलं होतं, खरं काय? त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, ते आता देतो.

त्या दिवशी ताटात ज्वारीच्या दोन भाकरी होत्या, वर तूप. तुरीचं वरण होतं, मळ्यातल्या वांग्यांची भाजी होती, गुळाचा खडा होता. एका पितळीत दूध, त्यात तिसरी भाकर कुस्करलेली. सुनंदाबाई ती बोटांनी मऊ करून आबांना घास घास भरवत होत्या आणि त्यांचं स्वतःचं मूल मागं उंबऱ्यात भुकेनं रडत होतं. ताट भरलेलं होतं. मी सायकलवरून उतरलो होतो, माझा एक पाय जमिनीवर होता, आणि मला सगळं नीट दिसलं होतं.